मुलं न रडणारा वॉर्ड

ऑपरेशन झालेल्या मुलांच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्या ड्युटीत एक पोर रडत नसे. बाकीच्या वॉर्डांतल्या सिस्टरांना याचा हेवा वाटे. त्यांनी विचारलंच तर या सांगत, "धाक हवा, बाई. लाडावली की डोक्यावर मिरे वाटतात."

त्यामुळे मुलांचं दुखणं कसं मोजायचं हे शिकवायला बाहेरून एक तरुण बाई आल्या, तेव्हा मोठ्या सिस्टर मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या. कालची पोर आपल्याला शिकवणार! बाईंनी चेहऱ्यांची पट्टी वाटली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्य ते दहा. "रडत नाही म्हणजे दुखत नाही, असं धरू नका. मुलाला विचारा," त्या म्हणाल्या.

मग सगळ्याजणी वॉर्डात आल्या. चौथ्या खाटेवर सात वर्षांची मुलगी होती, परवाच पोटाचं ऑपरेशन झालेली. तिच्या तक्त्यावर दुखण्याच्या रकान्यात मोठ्या सिस्टरांच्या अक्षरात दोन दिवस शून्यच शून्य. डॉक्टरांनी लिहून दिलेलं दुखण्यावरचं औषध एकदाही दिलेलं नव्हतं.

"फार गुणाची आहे. हूं नाही की चूं नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"तुम्हीच विचारून बघा ना," बाई म्हणाल्या.

मोठ्या सिस्टरांनी पट्टी पुढे धरली. मुलीने आधी त्यांच्या खिशाकडे पाहिलं, मग हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. श्वास मात्र ती वरच्यावर घेत होती, पोट जराही हलू न देता.

"खरं सांग बाळा. मी रागावणार नाही."

"सुई पण नाही टोचणार?"

"सुई कशाला टोचेन?"

"तुम्हीच म्हणालात. जो रडेल त्याला खिशातली सुई."

म्हणाल्या होत्या. बावीस वर्षं रोज म्हणत होत्या. आता मान खाली जायला हवी होती, पण अंग नुसतं बधिर झालं होतं.

"सलाईनमधून देते. टोचायचं नाही," त्या म्हणाल्या.

बोट सरकत सरकत शेवटच्या चेहऱ्यावर गेलं. "मग रडू?"

"रड."

औषध आत जाईपर्यंत ती मोठ्याने रडली. मोठ्या सिस्टर वळल्या, तर पाचव्या खाटेवरच्या मुलाने वर्गात करतात तसा हात वर केला होता.

"सिस्टर, मी पण रडू?"

"मी पण?" सहाव्या खाटेवरून आवाज आला. मग सातव्या.

त्या प्रत्येकाला "हो" म्हणत गेल्या. आकडे लिहीत गेल्या. आठ. सात. नऊ. सगळा वॉर्ड रडत होता आणि त्यांच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं. त्याचीच त्यांना भीती वाटली.