रोज एक टाका

मी सुई बोलतेय. थांबा, लगेच बोट मागे घेऊ नका, टोचणाऱ्यांतली नव्हे मी. मी लोकरीची सुई. आठ नंबरची, ॲल्युमिनियमची, डोक्यावर राखाडी टोपी आणि त्या टोपीवर आठचा आकडा. आम्ही जुळ्या बहिणी. पण माझी जोडीदारीण जन्माची अबोल, तेव्हा दोघींच्या वाटचं मीच बोलते. टोक आहे म्हटल्यावर बोलणं थोडं लागणार, तेवढं सोसून घ्या.

माझ्या जन्माचं फार कौतुक नाही. कारखान्यात तार कापली, टोक घासलं, टोपी चढवली, झाली सुई. मग दुकानात बटणं आणि नाड्यांच्या शेजारी दोन वर्षं लोंबकळत काढली. एका बाईंनी मला घेतलं ते पोटातल्या बाळाचा स्वेटर विणायला. त्या बाळाला आज सेहेचाळीस वर्षं झाली. तीच माझी मालकीण. आईकडून लेकीला दागिने मिळतात, हिला आम्ही मिळालो, आणि तिने कधी तोंड वाकडं केलं नाही.

मालकीण गाडी शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, आणि तोंडाने सारखं चालू, क्लच हळू सोड, आरशात बघ, घाबरतोस कशाला. पहिल्या दिवशी प्रत्येकाला ती एकच वाक्य सांगते, "तू बिनधास्त चालव, दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे." हे ऐकलं की थरथरणारे हातही स्टिअरिंगवर जरा स्थिर होतात. मी हजारदा पाहिलंय. माझा मुक्काम समोरच्या कप्प्यात, गाडीच्या कागदपत्रांवर. एक विद्यार्थी उतरून दुसरा येईपर्यंत जी दहा मिनिटं मिळतात, त्यात तिने अख्खे स्वेटर उभे केलेत.

तिच्या फोनमध्ये एक ग्रुप आहे, 'उलट-सुलट' नावाचा. विणकामात दोनच टाके खरे, उलट आणि सुलट, म्हणून ते नाव. एकशे चाळीस माणसं, बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंसुद्धा नाही. ग्रुप चालवणारी एक बेकरीवाली आहे, बोलायला कडक, मनाने तिच्याच पावासारखी मऊ. एक क्रेनवाले काका आहेत, जमिनीपासून पंचवीस मजले वर केबिनमध्ये बसून मोजे विणतात. या सगळ्यांची शिक्षिका म्हणजे माझी मालकीण. तिला सगळे ब्रेकताई म्हणतात. कुणी फोटो टाकला की ही डोळे बारीक करून टाके मोजणार, आणि चूक सापडली की एकच शब्द लिहिणार, "उसवा." लोक चरफडत उसवायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हिलाच दाखवायचे.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता दर तीन आठवड्यांनी एक, अशा केमोच्या सहा फेऱ्या, एकही चुकवायची नाही. नवरा जहाजावर, चार महिने येणं शक्य नाही. घरी ती आणि तिची नणंद. नणंद छापखान्यात प्रुफं तपासते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की तिला रात्रीचं जेवण जात नाही, अशी बाई. दोघींचं जमायचं ते एकमेकींना चिमटे काढत. पण त्या दिवसापासून नणंदेने चिमटे बंद केले, आणि तिथेच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

पहिल्या फेरीच्या सकाळी मालकिणीने ग्रुपवर आजाराची बातमी सांगितली. शंभरेक माणसं एकदम हळहळायला लागली. काय करू, येऊ का, काय पाठवू. तिला कीव आवडत नाही. तिने लिहिलं, "माझ्यासाठी काही करायचंच असेल तर रोज एक टाका, बास. विचारपूस नको, फोन नको." आणि आम्हाला पिशवीत घालून ती हॉस्पिटलात गेली.

तिथे आमची एक दूरची नातलग भेटली, सलाईनची सुई. ती थेट हातात घुसते आणि तिचा मान मोठा. शेजारी आम्ही पिशवीत. चार तास मालकीण खुर्चीत बसून फोन बघत होती. ग्रुपवर काहीच आलं नाही. घाई असेल सगळ्यांना, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही काही नाही. आठवडाभर नाही. ज्या ग्रुपवर दिवसाला साठ-साठ फोटो पडायचे, तिथे अगदी चिडीचूप.

तिसऱ्या फेरीपर्यंत तिचे केस गेले, भुवया गेल्या, आणि बोटांची टोकं बधिर झाली. एक दिवस तिने आम्हाला हातात घेतलं आणि मी तिच्या बोटांतून निसटून खाली पडले. तिला ते कळलंसुद्धा नाही. आवाज आला तेव्हा तिने खाली पाहिलं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिने आम्हाला उचललं आणि जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर टाकून दिलं. मला राग आला नाही. मला भीती वाटली.

चौथ्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी ती नणंदेला म्हणाली की उद्या ती जाणार नाही. नणंद भाजी चिरत होती, तिची सुरी थांबली. डॉक्टरांचं काय, तिने विचारलं. मालकीण म्हणाली, डॉक्टरांना सांग मी दमले. मग हळूच, जणू टेबलालाच सांगतेय अशी, म्हणाली, "एकशे चाळीस माणसं गं वन्सं. रोज एक फोटो मागितला होता. खुर्चीत बसल्यावर बघायला काहीतरी. कुणाला तेवढंही जमलं नाही. मग मीच कुणासाठी एवढं ओढत बसू?" परत कुणाला विचारायचा तिचा स्वभाव नव्हता. मागून घेतलेल्या मायेत काय चव, असं ती म्हणायची.

ती आंघोळीला गेली. नणंद हात पुसत आली आणि धपकन त्या खुर्चीवर बसली. होय, माझ्यावर. तेव्हाच मी मधोमध वाकले. पण बाईचं लक्षच नव्हतं. तिने वहिनीचा फोन उचलला आणि ग्रुपवर टाईप केलं, एकही शुद्धलेखनाची चूक न करता, "मी तिची नणंद. आज त्रेसष्ट दिवस झाले. तिने तुमच्याकडे रोज एकच मागितलं होतं. तुमच्यापैकी एकानेही एक टाकलं नाही. उद्या ती उपचाराला जायचं नाही म्हणतेय. कळावे."

मग बेकरीवालीचं उत्तर आलं. "एकानेही नाही? अहो बाई, एका दिवसाचा खाडा नाही. मोजून घ्या." आणि खाली फोटो. पिठाने पांढरी झालेली बोटं, दोन सुया, आणि सुईवर विणलेला लोकरीचा एक चिंचोळा तुकडा. बारा टाक्यांच्या पाच ओळी, आणि वर तीन टाके.

मग फोटोंची रांगच लागली. फोन टेबलावर थरथरत सरकायला लागला. सगळ्यांचा तुकडा तेवढाच, लोकर तेवढी वेगळी. नणंद फोटो बघतेय, पुन्हा वहिनीचा जुना निरोप वाचतेय, पुन्हा फोटो बघतेय. आणि मग ती कपाळावर हात मारून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. डोक्याला टॉवेल गुंडाळून मालकीण बाहेर आली तर हा तमाशा. काय झालं म्हणून विचारलं, तर नणंदेने फोन तिच्यासमोर धरला.

"वहिनी, तू क्रियापद लिहिलंस. त्यांनी नाम वाचलं."

मालकिणीला कळेना. मला मात्र तिच्या आधी कळलं, अखेर टाके माझ्याच अंगावर पडतात. ही म्हणाली होती, रोज एक टाका, म्हणजे एक फोटो टाका. जगातल्या कुठल्याही ग्रुपवर माणसं तेच समजली असती. पण हे विणकर. त्यांनी वाचलं, ताईच्या नावाने रोज एक टाका विणायचा. आणि विचारपूस नको म्हटलंय, तर बेकरीवालीने सगळ्यांना दम भरला की ताई दुखण्यात असताना इथे हौसेचे फोटो कुणी टाकायचे नाहीत, तिला शांतता द्यायची. त्यांनी बोलायला दुसरा ग्रुप काढला. तिथे रोज हजेरी लागत होती. प्रत्येकाची सुयांची एक जोडी दोन महिने त्या एका तुकड्यात अडकून पडली होती.

मालकीण खाली बसली. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, रडतेय. छे, ती मोजत होती. अंगठ्याने फोटो मोठा करायचा, टाके मोजायचे, पुढे. त्रेसष्ट. त्रेसष्ट. त्रेसष्ट. क्रेनवाल्या काकांच्या फोटोपाशी ती अडली. पुन्हा मोजलं. मग त्या बधिर बोटांनी, एकेक अक्षर शोधत, दोन महिन्यांनंतर तिने ग्रुपवर पहिला निरोप लिहिला.

"काका, चौसष्ट झालेत. एक जास्त आहे. उसवा."

काकांचं उत्तर लगेच आलं. "तो उद्याचा आहे, ताई. तू उद्या गेलीस की बरोबर होईल. नाही गेलीस तर उसवतो."

तिने फोन खाली ठेवला. टॉवेल काढून टकलावरून हात फिरवला. मग नणंदेला विचारलं की उद्या गाडी कोण चालवणार, कारण तू चालवलीस तर मला दवाखाना नव्हे, वर्कशॉप बघावं लागेल. चिमटा परत आला होता. नणंदेने तेवढ्याच जोराने परत केला. मी वाकलेली, कण्हणारी, पण त्या घरात त्या संध्याकाळी माझ्याइतकं खूश कुणी नव्हतं.

काकांना टाका उसवावा लागला नाही.

पुढच्या तिन्ही फेऱ्यांना खुर्चीत बसायची खोटी, की फोटो सुरू. आता दोन्ही चालू झालं, टाका घालायचा आणि तो टाकायचाही. ती सगळ्यांचे मोजायची. बधिर बोटांचं डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी औषधाचं प्रमाण थोडं कमी केलं आणि आधी का नाही बोललात म्हणून रागावले. नर्सने एकदा मला पिशवीतून डोकावताना पाहिलं आणि म्हणाली, अहो, इथे सुया कमी आहेत का? मालकीण म्हणाली, ही टोचत नाही काही, जोडते.

नणंदेलाही स्वस्थ बसवेना. तिने आयुष्यात कधी लोकर हातात धरली नव्हती. तिने आम्हाला घेतलं, मला वाकडीला आणि माझ्या सरळ बहिणीला, आणि वहिनीसमोर बसून पहिला टाका घातला. काय सांगू, माझा नुसता गळा आवळला हो. इतका घट्ट हात मी जन्मात पाहिला नाही. तिसऱ्या ओळीत तिचा एक टाका निसटला आणि भोक पडलं. तिला दिसलं नाही. प्रुफात अनुस्वार शोधणारी बाई, बोटाएवढं भोक दिसलं नाही.

एकशे चव्वेचाळिसाव्या दिवशी तपासणीचा निकाल होता. बारा टाक्यांच्या बारा ओळी त्याच दिवशी भरत होत्या. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, आजाराची खूण कुठे दिसत नाही, तीन-तीन महिन्यांनी दाखवत राहा, आणि आता कामाला लागा. नणंदेने तिथल्या तिथे फोन काढला आणि ग्रुपवर तीनच शब्द टाकले. "टाके बंद करा." विणकर आपलं काम संपवतो तेव्हा हेच म्हणतो. फोन त्या दिवशी इतका वाजला की बॅटरी संपली तेव्हाच गप्प बसला.

मग महिनाभर टपालाने तुकडे येत राहिले. विटेच्या आकाराचे, एकशे चाळीस. म्हणायला सगळे सारखे, पण कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल, एक वीट दुसरीसारखी नाही. बेकरीवालीच्या विटेला अजून पावाचा वास होता. मालकिणीने त्या जोडायला घेतल्या. बोटांना अजून पुरतं कळत नव्हतं, म्हणून डोळ्यांनी बघून एकेक टाका. नणंदेची वीट हातात आली, एकशे एक्केचाळिसावी, तेव्हा तिने त्या भोकातून बोट घालून पाहिलं. मी श्वास रोखला. आता म्हणणार, उसवा. ती नणंदेकडे बघून हसली आणि वीट आहे तशी बरोबर मधोमध लावली. वन्सं, हे छापून गेलं, आता दुरुस्ती नाही, म्हणाली.

त्या विटांची भिंत झाली, आणि ती भिंत आता गाडीत आहे. तिच्या सीटच्या पाठीला चढवलीय. रोज सकाळी ती येते, टेकून बसते, आणि एकशे एक्केचाळीस माणसं तिच्या पाठीशी असतात. अगदी शब्दशः. डोक्यावर नवे केस आलेत, आधीपेक्षा कुरळे, त्याचा तिला भलताच तोरा आहे.

कामावर परत आली त्या पहिल्या दिवशी शेजारी एक नवखी मुलगी बसली होती, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून. मालकिणीने नेहमीचं वाक्य सुरू केलं, तू बिनधास्त चालव. आणि मध्येच थांबली. पाठ त्या विटांना नीट टेकवली. मग म्हणाली, "घाबरू नकोस. माझाही ब्रेक दुसऱ्यांच्या पायाखाली होता. मी पोचले, तूही पोचशील." मुलीला काही कळलं नसावं, पण तिने क्लच हळू सोडला आणि गाडी झोकात निघाली.

मी कप्प्यात आहे, कागदपत्रांवर. कंबरेत वाकलेली, तरी निवृत्त नाही. कालच एक बाही सुरू केली तिने माझ्यावर. मला कुणी सरळ करायला गेलं तर ती करू देत नाही, म्हणते, ती माझ्या नणंदेची सही आहे.

जाता जाता एक टोचून सांगते, सुईचा स्वभाव आहे. तुमचं कुणी आजारी पडलं आणि म्हणालं, काही नको, तर त्याचं फार ऐकू नका. मोठं काही करायला जमलं नाही तरी चालेल. रोज एक टाका. नाम समजा नाहीतर क्रियापद, पण खाडा करू नका.