फिरत्या करंडकावरचं क्रोम

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादर कारखान्यांमधल्या रस्सीखेचेचा एक फिरता करंडक आहे. ज्याच्याकडं तो वर्षभर राहतो, त्यानं परत देताना त्यावर खिळ्यानं समोरच्याची बदनामी कोरून द्यायची, ही रीत. एका वर्षी टॉवेलवाले जिंकले, तेव्हा करंडक चादरवाल्यांकडून हा मजकूर घेऊनच आला: ‘टॉवेलवाले पिळून टाकले’.

टॉवेलवाल्यांचा कप्तान शिवराज तो घेऊन प्लेटिंगवाल्या इमामसाबांकडं गेला.

“चाचा, जॅकच्या रॉडला मारता तसलं क्रोम मारा. परत कुणाचा खिळा चालला नाय पायजे.”

“आधी हे घासून काढाय लागंल. चार दिवस.”

“परवा सत्कार हाय. क्रोमखाली झाकतंय की.”

“क्रोम म्हंजे गिलावा वाटला व्हय रे? खाली जे हाय, तेच वर दिसतंय.”

“तुमी मारा हो.”

इमामसाब गिऱ्हाइकाला एकदाच सांगत. मग टाकीत बुडवत.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवराजनं करंडकावर खिळा ओढला. घसरला. कानस घासली, तर कानसच बोथटली. खूश होऊन त्यानं करंडक फिरवला. आधी जो मजकूर उन्हात धरून वाचावा लागे, तो आता दारातून वाचता येत होता.

“काढा की हे.”

“तेजाबात टाकला तर कपच विरघळंल, आत जस्त हाय. मशीन लावली तर भोक पडंल.”

सत्काराला करंडकावर नऊ हार घातले. तरी ‘पिळून’ तेवढं दिसत राहिलं.

खरा घोळ पुढंच होता. हरलं, की हा करंडक चादरवाल्यांच्या गेटवर काचेत बसणार, तोही कायमचा चकाकत. त्यामुळं आता हरायची सोय उरली नाही. टॉवेलवाले मालाच्या टेम्पोला दोर बांधून सराव करू लागले आणि पुढची तीन वर्षं जिंकले. पेपरवाल्यानं त्यांच्या जिद्दीवर अर्धं पान लिहिलं.

“अवो, एकदा हरा की,” शिवराजच्या पाठीला तेल चोळता चोळता त्याची बायको ऋतुजा म्हणाली. “चांगली चांगली माणसं हरत्यात.”

शिवराज कमरेला पट्टा बांधून इमामसाबांकडं गेला.

“चाचा, किती वर्षं टिकतंय तुमचं क्रोम?”

“मशीनमधी रात्रंदिवस घासलं तर धा-पंधरा वर्षं. कपाटात ठिवलं तर...” इमामसाबांनी त्याच्याकडं नीट निरखून बघितलं. “तुला लेकरं किती?”

“एक पोरगी. सहावीत हाय.”

“मग तिला आत्तापास्नं अंडी चालू कर.”