पावसाची गाडी

चेन्नईचा हिवाळा पाण्यातून येतो. दिवाळीच्या मागंपुढं समुद्राकडून ढग आत सरकू लागतात आणि वेळच्चेरीतली माणसं आधी आभाळाकडं बघतात, मग आपापल्या गाडीकडं. गल्ल्या सखल, पाणी येतं ते राहायलाच येतं. म्हणून मोठ्या पावसाचा इशारा झाला की चांगल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ठेवायच्या, असा तिथला रिवाज. कठड्याला लागून गाड्यांची रांग उभी राहते, लग्नघराबाहेर चपला उतरवून ठेवाव्यात तशी.

विजयलक्ष्मीच्या घरी गाड्या दोन. एक पांढरी, मोठी, चंद्रमौळींनी निवृत्तीच्या वर्षी घेतलेली. दुसरी निळी, लहान, रंग उडालेली. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी होती तोवर ते याच निळीतून रोज जात-येत. पांढरी आल्यावर सगळ्यांनी म्हटलं, आता ही काढून टाका. ते म्हणाले, चांगली गाडी चांगल्या दिवसाला, आणि दिवस सगळे काही चांगले नसतात. भाजी, बँक, खड्डे, चिखल, पाऊस, हे सगळं निळीच्या वाट्याला. तिचं नावच मग 'पावसाची गाडी' पडलं.

लेक हरिप्रिया टोरांटोला. तिकडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, मिठानं पत्रा खाल्ला जातो, म्हणून तीही बर्फाच्या दिवसांसाठी एक जुनीपुराणी गाडी बाळगून होती. हे ऐकून चंद्रमौळींना कोण आनंद झाला होता. पोरीनं बापाचं एवढं एक तरी ऐकलं, असं ते मैलापूरला गाण्याच्या सभेत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत.

निळीचं डावीकडचं पुढचं दार बाहेरून उघडत नसे. दुरुस्त करू करू म्हणत ते तसंच राहिलं. आतल्या माणसानं वाकून खटका ओढायचा, मग बाहेरच्यानं बसायचं.

दरवर्षी पुलावर जाण्याची एक रीत ठरून गेली होती. पुढं पांढरी, ती चंद्रमौळी चालवणार. मागं निळी, ती विजयलक्ष्मी. पांढरी पुलावर लावायची आणि दोघांनी निळीतून घरी यायचं. विजयलक्ष्मीला पावसात गाडी चालवायची भीती वाटे. काचेवर पाणी आलं की रस्ता, माणसं, म्हशी सगळं एक होऊन जाई. चंद्रमौळी निघण्याआधी तिच्या खिडकीशी येत आणि आपल्या तंजावरी मराठीत सांगत, "विजी, माझ्या वंडीचा लाल दिवा पाह्यचा. दुसरं कांही पाहू नको गे."

ती तेच करी, पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा धरून जाई. भीती घालवायला तिनं एक ओवी जुळवली होती, आई तंजावरला देवापुढं सांजवात लावताना म्हणत असे त्या चालीवर:

पहिली माझी ओवी पुढच्या दिव्याला
लाल कुंकू लावी काळ्या पावसाला

चंद्रमौळींना ती एकदा ऐकू आली. ओवी म्हणायला हरकत नाही, पाय मात्र ब्रेकवर असू दे, म्हणाले. दुसरी ओवी कुठाय, असं पुढं दरवर्षी विचारत. दुसरी काही तिला सुचली नाही.

पुलावर पोचलं की ती मागं थांबून दिवा दोनदा उघडमीट करी, वाकून डावं दार उघडी. ते भिजून येत. सीटवर टॉवेल पसरलेला, पायाशी फ्लास्कमध्ये कॉफी. "बसा. भिजलात," ती म्हणे. ते म्हणत, नाही, पावसात कोरडा राहून आलोय. आणि मग आजूबाजूला पाऊस कोसळत असताना ती दोघं त्या लहानशा गाडीत बसून कॉफी पीत. घरी तेवढं बोलणं होत नसे.

मागच्या मार्गळी महिन्यात, डिसेंबरात, चंद्रमौळी गेले. दुपारी झोपले, ते उठलेच नाहीत.

आता गाड्या दोन आणि चालवणारी एक.

हरिप्रिया फोनवर आधी हळू, मग स्पष्ट बोलू लागली. एका माणसाला दोन गाड्या कशाला, एका माणसाला एवढं घर तरी कशाला. निळी विकून टाक. नाहीतर दोन्ही विक आणि इकडं ये. विजयलक्ष्मी म्हणे, रोजला लागते गं. रोज कुठं जाते, असं लेकीनं विचारल्यावर तिला भाजीवाल्यापलीकडं काही सांगता येईना. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी ऊर्मी, नाशिकची, शोळिंगनल्लूरला कंपनीत होती. सारी गल्ली मामी म्हणे तिथं ही एकटी काकू म्हणायची. तीसुद्धा हसून म्हणाली होती की काकू, तुमच्या घरात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं, आणि पुलावर जायचं असेल तेव्हा मला सांगा, मी येते, असं ती म्हणाली. विजयलक्ष्मीनं मान हलवली, पण सांगायचं नाही हे तेव्हाच ठरवलं. कुणाला सोबत घेतलं तर मग एकटीनं जमलं असं कसं म्हणता येणार.

शेवटी आईनं लेकीला शब्द दिला होता. "हा एक पाऊस मला पार करू दे. दोन्ही गाड्या सांभाळून दाखवते. नाही जमलं, तर तू म्हणशील ते विकू आणि तू म्हणशील तिथं मी येऊन राहीन."

वर्षश्राद्धाला हरिप्रिया येणार होती. कावेरीकाठी विधी करायचा, तंजावरला जायचं ते अण्णांच्या, तिच्या वडिलांच्या, पांढऱ्या गाडीतूनच, हेही ठरलं होतं.

इशारा आला तो कार्तिकातल्या एका सकाळी. विजयलक्ष्मीनं सगळं आखून ठेवलं होतं: पांढरी वर न्यायची, येताना रिक्षा करायची. निळी घरीच राहील, तिला पाणी नवं नाही. अवघड असं त्यात काहीच नव्हतं. पण दुपारी जेवण उरकता उरकता आभाळ एकदम खाली आलं. वीज गेली. गल्लीतल्या गाड्या भराभर बाहेर पडू लागल्या, हॉर्न वाजू लागले, समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं की मामी, निघा आता. तिनं गॅस बंद केला, देवापुढचा दिवा पाहिला, खुंटीवरची किल्ली घेतली, गाडीत बसली आणि निघाली.

रस्त्याला लागल्यावर पुढं पांढरी गाडी होती. पाऊस इतका की वायपर नुसते हात जोडल्यासारखे हलत होते. तिनं लाल दिव्यावर नजर ठेवली. दिवा थांबला की थांबायचं, वळला की वळायचं. ओठांवर ओवी आपोआप आली. भीतीही नेहमीएवढीच होती, कमी नाही, जास्त नाही. पुलाचा चढ लागला. वर रांगेत जागा बघून पांढरी गाडी कडेला लागली. विजयलक्ष्मी मागं थांबली. दिवा दोनदा उघडमीट केला, आणि वाकून डावं दार उघडलं.

पांढऱ्या गाडीतून एक तरुण माणूस उतरला. डोक्यावर पिशवी धरलेली. त्यानं मागं वळून दिव्याकडं बघितलं, उघड्या दाराकडं बघितलं, जरा घुटमळला आणि धावत आला. वाकून त्यानं तमिळमध्ये विचारलं, "मामी, माझ्यासाठी थांबलात?"

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग सीटवरच्या टॉवेलकडं. टॉवेल कधी पसरला ते तिला आठवेना. पायाशी फ्लास्क होता. कॉफी कधी केली? हातात निळीचं स्टिअरिंग होतं. खुंटीवर दोन किल्ल्या होत्या आणि हात आपल्या किल्लीकडं गेला होता. पांढरीची किल्ली दरवर्षी चंद्रमौळींचा हात घेई, तो आता नव्हता.

पाऊस त्या माणसाच्या मानेवरून आत गाडीत ठिबकत होता.

"बसा," ती म्हणाली. "भिजलात."

त्याचं नाव वेंकट. पलीकडच्या गल्लीतला. बायको माहेरी मैलापूरला, गाडी ठेवल्यावर पाण्यातून चालतच परतायचं त्यानं ठरवलं होतं. देवासारख्या भेटलात, म्हणाला. तिनं फ्लास्कच्या झाकणात कॉफी ओतून त्याच्या हाती दिली. त्यानं मनापासून पिऊन साखर नाही म्हटलं, आणि मग ओशाळून, तशीच चांगली लागते म्हणाला. चंद्रमौळींना साखर बंद होती. मामींची चांगली गाडी कुठं लावली, कुठल्या बाजूला, असं त्यानं रांगेकडं बघत सहज विचारलं. ती म्हणाली, घरी आहे.

त्यानं झाकण घाईनं खाली ठेवलं. गाडी वळवा, एवढंच म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी पाणी लागलं. निळी आपली गुरगुरत, खोकत, पण चालत राहिली. फाटकाशी आल्यावर दिसलं: पोर्चमध्ये पांढरी उभी, पाणी दाराच्या खालच्या कडेवरून आत शिरत होतं. वेंकट उतरून गुडघाभर पाण्यातून जवळ गेला, वाकून पाहिलं, परत आला. सुरू करू नका, म्हणाला. या पाण्यात सुरू केली तर इंजिनच जाईल. ढकलावी म्हटलं तर जवळ उंचवटा नाही, माणसं नाहीत. तुम्ही ही तरी वाचवा, मामी. मी येऊ का सोबत? तिनं मान हलवली. घरी जा, म्हणाली, तुमच्याही घरात पाणी शिरत असेल.

तो गेला. डावं दार त्यानं हळूच लावून घेतलं.

विजयलक्ष्मी एकटीच बसली होती. समोर पांढरीचे दिवे, बंद, पाण्याच्या वर नुसते डोळे राहावेत तसे. शब्द दिला होता तो इथं संपला, एवढं तिला कळलं. रडू आलं नाही. तिनं निळी मागं घेतली आणि पुन्हा पुलाकडं निघाली.

या खेपेला पुढं कुणीच नव्हतं. ज्यांना जायचं ते वर जाऊन बसले होते. काचेवर पाणी, पाण्यापलीकडं पाणी. लाल दिवा म्हणून बघावं असं काही नव्हतं. ती दुभाजकाचा कठडा बघत राहिली, मग एक झाड, मग बस थांब्याचं छप्पर. दिसेल तेवढं बघायचं आणि तेवढंच चालवायचं. ओवी म्हणावी म्हटलं, तर पुढचा दिवाच नाही, कुणाला वाहणार. तोंड मिटून तिनं चढ चढला.

वर वेंकटच्या पांढऱ्या गाडीच्या मागं तिची जागा अजून मोकळी होती. तिथं तिनं निळी उभी केली, इंजिन बंद केलं. फ्लास्कमध्ये एक पेलाभर कॉफी उरली होती. ती तिनं प्यायली. साखर खरंच नव्हती. इतकी वर्षं ती त्यांच्यासाठी बिनसाखरेची पीत आली होती आणि आपल्याला गोड आवडतं हे विसरून गेली होती. संध्याकाळ झाली, गाड्यांवर पाऊस वाजत राहिला. ती टॉवेल पांघरून तिथंच बसून राहिली.

पाणी उतरल्यावर पांढरी ओढून नेली. गॅरेजमधल्या माणसानं दार उघडून आतला वास घेतला आणि मान हलवली. विमावाला आला, फोटो काढले, ही आता चालणार नाही म्हणाला. ऊर्मीनं पोर्च धुवायला मदत केली. मला का नाही सांगितलंत, असं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि काकूंचा चेहरा बघून बादली उचलली.

मग विजयलक्ष्मीनं टोरांटोला फोन लावला. सगळं सांगितलं, खुंटीपासून कॉफीपर्यंत, काही गाळलं नाही. अण्णांची गाडी गेली, म्हणाली. मी हरले. आता तू सांगशील तसं.

हरिप्रियाचं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"आई, निळी परत पुलावर कुणी नेली?"

"मीच."

"पावसात? पुढं कोण होतं?"

"कुणी नव्हतं गं."

टोरांटोला जाण्याआधी लेकीनं मागच्या सीटवर बसून ती ओवी ऐकलेली होती. आईची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडलेली पाहिली होती.

"मग राहा तू तिथंच," हरिप्रिया म्हणाली. "मी येत्ये. निळीनंच जाऊ तंजावरला."

मार्गळीतली सकाळ. दारोदारी तांदळाच्या पिठाची मोठी कोलमं, थंडी म्हणावी इतपत वारा. विमानतळाबाहेर विजयलक्ष्मीनं निळी कडेला घेतली. हरिप्रियानं सामान मागं टाकलं आणि मागचंच दार उघडून आत बसू लागली. पुढची डावी जागा लहानपणापासून तिची नव्हतीच.

विजयलक्ष्मीनं वाकून खटका ओढला. दार उघडलं.

"मागं नको. पुढं ये."

हरिप्रिया पुढं येऊन बसली. सीटवर टॉवेल होता, धुतलेला. तिनं तो मांडीवर घेतला आणि घडीवरून हात फिरवत राहिली. गाडी हमरस्त्याला लागली. मग विजयलक्ष्मी हळू आवाजात, रस्त्यावरची नजर न काढता, म्हणू लागली:

दुसरी माझी ओवी डाव्या गं दाराला
आतून उघडावं बाहेर भिजल्याला

आता विचारणारं कुणी नव्हतं, आणि सुचली होती.