मुद्दाम वाईट

क्लेटन सोबेकने बोटं काखेत खुपसून गरम केली, चेंडू उचलला आणि डेव्हियनने वळण घेण्याआधीच फेकला. डेव्हियन वळला, हात उघडले, तर चेंडू छातीशी हजर. कडेला उभ्या असलेल्या स्काउटांपैकी, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांपैकी, दोघांनी माना डोलावल्या. बाकीच्यांनी कॉफीचे पेले तोंडाला लावले.

"झकास!" कोच मॅनसिनी टाळ्या पिटत ओरडला. "असंच चालू दे!"

ओहायो नदीवरून मार्चचा वारा आडवा सुटला होता. कॉलेज लहान, मोठ्या विद्यापीठांसारखं छप्पर घातलेलं मैदान इथे कुठलं? अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांची माणसं वर्षातून एक दिवस इथे फिरकायची. सकाळीच त्यांनी पोरांना अर्ध्या चड्डीवर उभं करून उंची घेतली, वजन घेतलं, पंजे मोजले, मग पळवलं, उड्या मारायला लावल्या. "दात तेवढे बघायचे राहिले रे," असं डेव्हियन शर्ट अंगात चढवताना पुटपुटला होता आणि सगळी पोरं खिदळली होती. हसत होती खरी, पण प्रत्येकाचं लक्ष एकाच तारखेकडे होतं. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट. तिथे संघ एकेक नाव पुकारणार. ज्याचं पुकारलं तो तरला. ज्याचं नाही, त्याने आपली वाट धरायची.

क्लेटनचं नाव तीन वर्षांपूर्वी कुणी पुकारलं नव्हतं. एका संघाने उन्हाळ्यात सरावापुरतं बोलावलं आणि पानगळ लागायच्या आत पिशवी हातात देऊन घरी धाडलं. तेव्हापासून तो गावातल्या टायरच्या दुकानात गाड्यांची चाकं काढत-घालत होता. आज तो मैदानावर होता तो निव्वळ गरजेपोटी. कॉलेजच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याचा, खांदा झोळीत होता. आणि डेव्हियन प्रुइट पडला झेलणारा. झेलणाऱ्याला फेकणारा लागतोच.

डेव्हियनचंही घोडं एका ठिकाणी अडलेलं होतं. पळायला वारा, उडी अशी की बघत राहावं. पण गेल्या हंगामात त्याच्या हातून चेंडू सुटले. शेवटच्या सामन्यात तर हातातोंडाशी आलेला विजय पावसात निसटला, आणि तेव्हापासून जो तो म्हणे, पोरगा चांगला आहे हो, पण ओंजळीला भोक आहे.

दोघांनी महिनाभर दुकानामागच्या पटांगणात तालीम केली होती. कोणता चेंडू कधी, कुठे, सगळं ठरलेलं. शेवटी दोन लांबचे, अर्ध्याहून अधिक मैदान ओलांडून जाणारे. त्यात डेव्हियनच्या हातांपेक्षा क्लेटनचा खांदाच जास्त दिसणार होता.

"शेवटचे दोन तुझे," डेव्हियन आपणहून म्हणाला होता. "तूही दिस की त्यांना. मी काय, पळतो फक्त."

वाहत्या गंगेत हात धुवून घ्यायचे, एवढंच क्लेटनच्या मनात होतं. आदल्या रात्री बायकोने, टेसाने, त्याचे बूट पुसून दारात ठेवले होते. मात्र बजावलंही होतं, "क्ले, हे शेवटचं. ड्राफ्ट संपेपर्यंत कुणी विचारलं तर विचारलं. नाही विचारलं, तर बूट माळ्यावर." तो कबूल झाला होता. तीन वर्षं तिने एका शब्दाने टोचलं नव्हतं. तिचं म्हणणं रास्त होतं.

लांबचे दोनच उरले, तेव्हा स्काउटांच्या रांगेतून एक म्हातारा पुढे आला. ओरिन टॅकेट. सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं कागदी पेल्यात थुंकायचा. बाकीचे आपसात गप्पा छाटत होते. हा सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता.

"थांबा जरा," तो म्हणाला. "पोरा, फेकतोस छान. पण छातीवर आलेला चेंडू माझी सासूही झेलते. आता वाईट फेक."

क्लेटनला वाटलं, थट्टा चाललीय. "वाईट म्हणजे, सर?"

"वाईट म्हणजे वाईट. मागे फेक, घोट्याशी फेक, डोक्यावरून फेक. हा पूर्ण वेगात पळणार आणि तूही जोर कमी करायचा नाहीस. या पोराच्या हातांबद्दल काय काय बोलतात, खरं किती ते मला बघू दे."

"मिस्टर टॅकेट, आमचे दोन लांबचे तेवढे राहिलेत—" कोच मध्ये पडला.

"राहू देत. मला लांबचे नकोत."

क्लेटनने कमरेच्या टॉवेलला हात पुसले. हात कोरडे होते, तरी पुन्हा पुसले. इतके जाणते डोळे त्याच्याकडे लागायची वेळ आयुष्यात पुन्हा येणार नव्हती, आणि नेमकं आता हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा!

कोच जवळ येऊन कुजबुजला, "नाटक कर रे. जरासा वाकडा टाक, म्हातारा खूश होईल."

डेव्हियनही धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "क्ले, फार वाईट नको हं. दाखवण्यापुरतं."

"दाखवण्यापुरतं त्याला कळणार नाही, असं वाटतं तुला?" क्लेटन म्हणाला. "मी खरंच वाईट टाकणार आहे."

"येडा झालास का? तुझं काय मग?"

"माझं मी बघतो. तुला हात आहेत की नाहीत?"

"आहेत."

"मग पळ."

पहिला चेंडू सुटला तो सवयीने सरळ छातीवर. स्काउटांत हशा पिकला.

"हा चांगला होता," टॅकेट टरफल थुंकत म्हणाला. "चांगला नको म्हटलं ना मी?"

दुसरा इतका मागे गेला की झेलणं सोडाच, डेव्हियनला तो दिसलाही नाही. गवतावर टप्पे खात कुंपणाला लागला. कुणीतरी शीळ घातली. क्लेटनच्या कानशिलांना आग लागली. वाईट फेकायला काय लागतं, असं ज्याने कधी चेंडू हातात धरला नाही तोच म्हणेल. झेल सोपाही नको, आणि हाताबाहेरही नको. मध्ये बोटभर जागा उरते, ती पळत्या माणसाबरोबर पळत असते. लहानपणापासून चांगलं फेकायला शिकलेल्या हाताला आता ती जागा शोधायची होती.

तिसरा त्या जागेवर गेला. डेव्हियनच्या बोटांना लागला आणि खाली पडला.

दोन-चार पेनं कागदावर टेकली. क्लेटन तरातरा चालत डेव्हियनपाशी गेला.

"तू कुठे बघतोयस?"

"चेंडूकडेच."

"खोटं बोलू नकोस. माझ्या तोंडाकडे बघतोयस. कीव येतेय ना माझी?"

डेव्हियन खाली बघत राहिला. "तुझे ते दोन लांबचे होते रे. माझ्यापायी गेले."

"गेले ते गेले! आता हाही सुटला, तर मी फुकट वाईट फेकले असं होईल. तेवढं नको करूस. चेंडूकडे बघ. मी मेलो समज."

चौथा घोट्याशी, डेव्हियनने गवत खरवडत उचलला. पुढचा डोक्यावरून, बोटांच्या टोकांवर थांबला. मग पुन्हा घोट्याशी, मग उजवीकडे उलट्या हाताला. स्काउटांच्या गप्पा थांबल्या होत्या. कॅमेरा धरलेला माणूस डेव्हियनच्या मागे असा फिरत होता, जणू क्लेटन मैदानावर नव्हताच. आणि क्लेटनलाही ते कळलं, लागलं, आणि पुढच्या चेंडूपाशी तो ते विसरून गेला.

"आता डाव्या कमरेच्या मागे," टॅकेट म्हणाला. "आहे तेवढा जोर लाव. शेवटचा."

डेव्हियन सुटला. क्लेटनने पाहिलं ते डेव्हियनकडे नाही. पुढच्या क्षणी त्याची डावी कंबर जिथून निघून गेलेली असेल, त्या रिकाम्या हवेकडे पाहिलं आणि सगळा खांदा त्यात घातला. चेंडू वारा कापत गेला. डेव्हियन धावता धावता अंगाचा पीळ करून मागे वळला, एक हात फेकला, आणि चेंडू त्या हाताला चिकटला. तो कोलमडला, दोनदा लोळला आणि चेंडू वर धरून उठला.

"अरे बाप रे!" एक तरुण स्काउट मोठ्याने बोलून गेला.

मग डेव्हियनभोवती गर्दीच झाली. जो तो त्याला बाजूला घ्यायला बघत होता. क्लेटनने विखुरलेले चेंडू गोळा करून पिशवीत भरले. टॅकेट गाडीकडे निघालेला दिसला, तसा तो त्याच्यामागे धावला.

"सर! दोन लांबचे राहिलेत. फेकू का? दोनच."

"कुणाला फेकणार? पोरगा तिकडे अडकलाय."

"कुणीही पळेल. नाहीतर रिकाम्या मैदानात फेकतो."

टॅकेटने पेला हलवला. "नको. मला बघायचं होतं ते बघून झालं," असं म्हणून त्याने गाडीचं दार ओढून घेतलं.

घरी टेसा कांदा परतत होती. तिने वळून न बघताच विचारलं, "काय झालं?"

"वाईट फेकायला लावलं."

"कुणी? आणि तू फेकलेस?"

"फेकले. सगळ्यांदेखत." मग त्याला राहवलं नाही. "टेसा, मला इतका राग आलाय ना! एकदा, फक्त एकदा नीट बघायला काय झालं होतं त्यांना?"

टेसाने गॅस बारीक केला आणि त्याचा दुखरा खांदा दाबायला घेतला. "वाईट फेकलेस ते तरी नीट फेकलेस ना?"

"म्हणजे काय!"

"वाटलंच मला. अर्धवट काही जमतच नाही तुला, हाच तर तुझा रोग आहे."

ड्राफ्टला अजून वेळ होता, आणि तोवर बूट खालीच राहणार होते. रोज दुकान बंद झालं की क्लेटन मागच्या पटांगणात ट्रकचं जुनं टायर दोराने टांगायचा आणि अंधार पडेपर्यंत त्यातून चेंडू पार करायचा. मालक म्हणायचा, "अरे, कुणासाठी?" क्लेटन टायरला झोका देऊन म्हणायचा, "ड्राफ्टच्या शनिवारपर्यंत मला विचारू नका."

तो शनिवार उजाडला. ड्राफ्टचा तिसरा आणि शेवटचा दिवस. टेसाचे वडील वॉल्ट सकाळीच बिअरचे डबे घेऊन आले आणि टीव्हीसमोरची चांगली खुर्ची अडवून बसले. नावामागून नाव पुकारलं जात होतं. दुपार कलली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: डेव्हियन प्रुइट.

क्लेटन उडी मारून उभा राहिला. "घेतला! टेसा, घेतला त्याला!"

पडद्यावर तोच झेल. नुसता डेव्हियन दिसत होता. पळतो आहे, आणि पडद्याच्या कडेतून कुठूनसा एक चेंडू येतो आहे, पार मागे.

"बघा, बघा!" समालोचक ओरडत होता. "काय भिकार चेंडू टाकलाय हा! कुणी फेकलाय देव जाणे. पण पोराने कसा वाचवला बघा! असले हात असतील तर कुणीही फेकू दे!"

"कोण रे हा आंधळा?" वॉल्ट खो-खो हसले. "याच्यापेक्षा मी बरा फेकेन!"

"बाबा," टेसा म्हणाली.

वॉल्टचं हसू विरलं. त्यांनी जावयाकडे पाहिलं, मग डब्याकडे. "मला काय माहीत..."

"मीच तो आंधळा," क्लेटन म्हणाला आणि हसायला लागला. खरंच हसू आलं होतं. डेव्हियनसाठी जीव सुपाएवढा झाला होता, आणि त्याच वेळी छातीत असं जळत होतं की डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या देशाने त्याचा चेंडू एकदाचा पाहिला होता, आणि भिकार म्हटलं होतं.

टेसाने चित्र मागे नेलं आणि पुन्हा लावलं. मग पुन्हा. चेंडू हाताला लागला तिथे तिने ते थांबवलं.

"इथेच टाकायचा होता ना तुला?"

"इथेच."

"पुढे पडला असता तर?"

"मग कुणीही झेलला असता."

तिने मान डोलावली. वॉल्ट उठले, क्लेटनच्या पाठीवर जड हात ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उगीचच भांडी विसळत बसले.

शेवटचं नाव पुकारून झालं तेव्हा दिवे लागले होते. क्लेटनने शिडी लावली, बूट एका हातात घेतले आणि चढू लागला. "राहू दे की आज," टेसा म्हणाली. तो म्हणाला, "शब्द दिलाय." माळ्याची झडप डोक्याने उचलतच होता, एवढ्यात टेसाने खालून फोन वर धरला.

"प्रुइटने नंबर दिला," पलीकडून आवाज आला. काहीतरी थुंकल्याचाही. "टॅकेट बोलतोय. तो आमच्याकडे येतोय, ते कळलंच असेल. आमची नवी पोरं पुढच्या शुक्रवारी जमतायत. त्यांना फेकायला एक हात हवाय. तीन दिवस. करार नाही, वचन नाही. तिकीट आणि जेवण. पटलं तर ये, नाहीतर दुसरा बघतो."

"येतो," क्लेटन म्हणाला.

"ऐकून घे आधी पुरतं. या वेळी चांगले फेकायचे."

क्लेटन शिडीवरच बसला. बूट मांडीवर ठेवले.

"सर," त्याने विचारलं, "लांबचे चालतील का?"