जित्त्या जनावरांचा दरवाजा

मी गोठ्याचा मागचा दरवाजा बोलतोय. यवतजवळच्या एका मळ्यातला, बाभळीच्या जाड फळ्यांचा. दिसायला ओबडधोबड आहे, पण माझ्या वाटेला जाऊ नका.

सुताराने मला बसवलं त्याच दिवशी घरधनी आण्णांनी माझं काम ठरवून टाकलं. गोठ्यात जनावर मेलं की ते माझ्यातून ओढून न्यायचं. जिवंत जनावर पुढच्या दारानेच येणार-जाणार. एरवी मला अडसर. गाई तर माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. माझा काय गुन्हा होता? फार राग यायचा मला.

दोन हजार तीनच्या दुष्काळात विकतच्या कडब्याची गंजी पुढच्या अंगणात रचली होती. वरून विजेची तार गेलेली. आण्णांची सून ललिता ते बघून बेचैन व्हायची. तिचा नवरा जालिंदर कुरकुंभला कंपनीत होता. आग लागली तर कोणी कुठून पळायचं याची तिथे तालीम होते, हे त्याच्याकडून ऐकून तिने गोठ्याचाही बेत आखला. साखळ्या काढून एका हिसक्यात सुटणाऱ्या सरकगाठीचे दोर बांधले, पाण्याचं पिंप भरून ठेवलं, कोणी कोणती जनावरं सोडायची ते वाटून दिलं. मग म्हणाली, "मामा, रोज थोडा वेळ मागच्या दारानं बी जनावरं काढू. सवय लागंल."

"जित्तं जनावर त्या दारानं जायचं न्हाई!" आण्णा कडाडले. "गोठ्याला अवदसा लावती व्हय?"

"आन् पुढंच पेटलं तर?"

आण्णा पाठ फिरवून निघून गेले. तालीम झाली, पण पुढच्याच दाराने. मी आतल्या आत धुमसत राहिलो.

चैत्रात भर दुपारी तारेची ठिणगी गंजीवर पडली. बघता बघता पुढचं दार ज्वाळांनी भरलं. ललिताने भराभर दोर सोडले. जनावरं सवयीने पुढेच धावली आणि आगीसमोर गरागरा फिरू लागली.

"मामा, मागचा अडसर काढा!"

आण्णांचा हात अडसरावर थबकला. अहो, काढा की! मी मनातल्या मनात ओरडत होतो. त्यांनी अडसर भिरकावला आणि मी धाडकन उघडलो. तरी एकही गाय उंबरा ओलांडेना. शेवटी आण्णांनी थोरल्या म्हशीचं शिंग धरून तिला ओढत बाहेर नेलं, तेव्हा बाकीची मागोमाग निघाली. आण्णांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली कालवड मात्र उलटी फिरली, ओळखीच्या दाराकडे. संध्याकाळी तिला माझ्यातूनच ओढून नेलं. मला रडू आलं. आण्णा तर दोन घास जेवलेही नाहीत.

आता माझ्या फळ्या धुराने काळ्या पडल्यात. रोज सकाळी आण्णा स्वतः सगळी जनावरं माझ्यातून पाण्यावर नेतात. परवा शेजारचे मारुतराव बांधावरून ओरडले, "आवो आण्णा, मागल्या दारानं जित्ती जनावरं?"

"व्हय," आण्णा म्हणाले. "तुमच्या गोठ्याला मागलं दार हाय का? नसंल तर आजच भित फोडा."

तर मंडळी, मला अशुभ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण अडसर घेऊन माझ्याजवळ याल, तर गाठ आण्णांशी आहे.