शोकेसमधली बाटली

"साहेब, ही घरी ठेवली कुठे होती?" बूच ओढता ओढता वाढप्याने विचारलं. बूच वाळून खडखडीत झालं होतं. अर्धं हातात आलं, अर्ध्याचा भुगा बाटलीच्या मानेत.

"शोकेसमध्ये, खिडकीसमोर!" बाई कौतुकाने म्हणाल्या. "उन्हात काय लखलखायची! रोज मी स्वतः पुसायचे."

वाढप्याने बुचाच्या भुग्याकडे पाहिलं. जुनी फ्रेंच रेड वाइन अंधारात, गारव्याला, बूच ओलं राहावं म्हणून आडवी निजवायची. हिला बिचारीला वर्षानुवर्षं उन्हात उभं केलेलं!

साहेब बोटीवर मेकॅनिक होते. मुलगी झाल्याची तार आली, तेव्हा बोट फ्रान्सच्या बंदरात होती. तिथेच त्यांनी ही बाटली घेतली, लेकीच्या लग्नात उघडायची म्हणून. लेकीने दूरदेशी परस्पर लग्न उरकलं आणि मग फोन केला. तेव्हापासून बाई धड जेवत नव्हत्या. शेवटी साहेबच म्हणाले, चल, हॉटेलात जाऊन आपण दोघंच उघडू.

बाई हात धुवायला गेल्या. वाढप्याने मेणबत्ती लावली आणि तिच्या उजेडात गाळ बघत बघत वाइन हळूहळू काचेच्या सुरईत उतरवली. पहिला घोट वाढप्याचा, अशी इथली रीत. हॉटेलातले सगळे त्याला 'नाक' म्हणत. खराब वाइन त्याने मालकाच्या दबावाखालीही कधी टेबलावर जाऊ दिली नव्हती.

त्याने घोट घेतला. शुद्ध व्हिनेगर!

"गेली?" साहेबांनी त्याचा चेहरा वाचला.

"गेली, साहेब. ही मी नाही वाढणार. आमच्याकडची दुसरी देतो."

"अहो, हळू बोला! हौसेनं मांडली तिनंच. आता तिच्यामुळेच वाया गेली म्हणून कळलं, तर खचेल हो ती. लेकीचं दुःख काय कमी आहे? वाढा मुकाट्यानं. हात जोडतो."

नाकाचा जीव चरचरला. पण त्याने दोन्ही ग्लास भरले.

बाई आल्या. "कशी आहे हो?"

"झकास!" म्हणत साहेबांनी ग्लास एका दमात रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला.

बाईंनी वाढप्याकडे पाहिलं. खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"फार मायेनं सांभाळलीत, बाई," तो म्हणाला.

बाईंनी घोट घेतला. नवऱ्याच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि एकदम खुदकन हसल्याच.

"अगं बाई! बरं झालं हो, तिच्या लग्नात नाही उघडली. चारचौघांत काय शोभा झाली असती!"

साहेबही हसायला लागले. हसता हसता बाईंचे डोळे वाहू लागले, पण ते त्यांनी पुसले नाहीत.

"दुसरी आणू का, बाई?" वाढप्याने हळूच विचारलं.

"आणा मागाहून. आधी हीच घाला थोडी," ग्लास पुढे करत त्या म्हणाल्या. "आमची आहे ती."

वाढप्याने सुरई दोन्ही हातांनी उचलली आणि उंची वाइन वाढावी तशी, एक थेंबही सांडू न देता, हळूहळू ओतली.