मराठी दिनाची सेटिंग

पाच वाजेपर्यंत ते मेल गेलं नाही तर नंदिनीची सीट गेली, एवढा सरळ मामला होता. नंदिनी माझी भाची. जर्मनीत शिकायले जायचं म्हणून वर्षभर घासून राहिली होती पोरगी. बाकी सगळे कागद पोचले, कॉलेजचं शिफारसपत्र तेवढं आलं नाही, असं आज दुपारी तिकडून कळलं. कॉलेजवाले म्हणे, आम्ही तर कधीचंच पाठवलं. माझं इथंच सदर भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शटर ओढलं, पोरीले गाडीवर बसवलं अन् थेट कॉलेजात गेलो.

ऑफिसात प्रमोदिनी मॅडम होत्या, जुन्या क्लार्क. त्यांनी 'पाठवा' दाबलं होतं, म्हणून गेलं असं समजल्या. गेलं कुठं? सही न होता तिथंच अडकलेलं. तिकडचे लोक कॉलेजची डिजिटल सही असलेलंच मेल घेतात, अन् ती सही करणारं अॅड-ऑन मेलच्या प्रोग्रामले जोडलेलं. ते नुसतं म्हणे, 'तारीख अवैध'. आता आजची तारीख अवैध कशी होईन? डोकं सटकलं माझं.

त्यात सगळा स्क्रीन मराठी. काहून, तर मराठी भाषा दिनाले प्राचार्य वामनराव सरांनी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर मराठी करायले लावले. फेटे बांधून त्या कॉम्प्युटरांसमोर फोटो काढला, पेपरात छापून आला, पेढे वाटले. मग सेटिंगले पुन्हा हात लावायची कोणाची हिंमत?

दिवसभर मराठीत भांडणारा माणूस मी, पण 'प्राधान्ये' अन् 'प्रगत पर्याय' वाचून मले घाम फुटला. मेलचा प्रोग्राम इंग्रजी केला. तीच एरर. अॅड-ऑन काढून पुन्हा टाकलं. तीच. मॅडम म्हणाल्या, सरांना विचारल्याशिवाय मराठी काढू नका, सर मीटिंगमध्ये आहेत. मी तोंडाले येईन ते बोललो.

"सरांना म्हणा, मराठी मी घरी नेऊन जपतो. पोरीचं वर्ष वाया चाललं इथं."

नंदिनी नखं खात होती. तेवढ्यात माझी नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. आकडे मराठी. प्रोग्राम इंग्रजी झाला, पण कॉम्प्युटरचा 'प्रदेश', म्हणजे तारीख-आकडे कसे दाखवायचे ती सेटिंग, अजून मराठीच होता, अन् बिचाऱ्या अॅड-ऑनले हे आकडेच वाचता येत नव्हते. प्रदेश बदलला, तर म्हणते रीस्टार्ट करा. केलं. चक्र फिरत राहिलं. पाचाले थोडंच बाकी होतं अन् आम्ही तिघंही त्या चक्राकडे पाहत होतो.

सुरू झाल्याबरोबर मी 'पाठवा' दाबलं. पण नंदिनीच्या जागी दामिनी म्हणून कोणाचं तरी पत्र निघालं. आता हे कोण मधात, म्हणून मी टेबलावर हात आपटला. अडकलेल्यातली जुनी मेलं आधी जात होती. तिचं गेलं, मग नंदिनीचं गेलं. जरा वेळानं नंदिनीचा फोन वाजला, पत्र मिळाल्याचा निरोप होता. पोरीनं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. मीही रडलो, लाज कशाची?

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, दामिनी नंदिनीच्याच वर्गातली, पारशिवनीकडच्या गावची. तिची मुदत मागच्या आठवड्यातच संपली होती. पत्र आलं नाही म्हणून ती विचारायले आली, तर मॅडमनी तिलेच झापलं, की आम्ही पाठवलं, तूच पत्ता चुकीचा दिला असशील. पोरगी मुकाट्यानं गावी निघून गेली. आतापर्यंतचा माझा राग मशीनवर होता, आता तो कोणावर काढावा ते समजेना. मी म्हटलं, जाऊ द्या मॅडम, आता सांगून काय फायदा? त्यांनी ऐकलं नाही. उभ्या राहिल्या अन् फोन स्पीकरवर लावला.

"दामिनी, प्रमोदिनी मॅडम बोलते. तुझं पत्र आज गेलं वं, आत्ता. तुझी काहीच चूक नव्हती. चूक आमची होती."

दामिनीनं तिकडून विचारलं,

"मॅडम, हे माझ्या बाबाले सांगसान का? ते म्हणतात, मी फॉर्म भरलाच नाही, खोटं बोलून राहिली."

मॅडमनी पदरानं तोंड पुसलं.

"दे त्यांच्याजवळ फोन," त्या म्हणाल्या.